काठावरचं नाव

(खामगाव येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



सोनारानंच कान टोचावेत असं आपल्याकडे म्हणतात. आज इथं उलटं चाललंय. ज्या गावाला सारा मुलूख रजतनगरी म्हणतो, त्या गावात उभा राहून मी चांदीवर बोलणार आहे. समोर बसलेल्या काही मंडळींना नुसत्या बोटांच्या स्पर्शानं टंच कळतो. तेव्हा चांदीबद्दल चुकलो तर तिथल्या तिथं थांबवा. माणसांबद्दल बोलेन तेव्हा मात्र थोडं ऐकून घ्या.

विषय एका पदकाचा आहे. १९१४ ते १९१८ या पहिल्या महायुद्धात ज्यांनी नोकरी बजावली, त्या सगळ्या पिढीसाठी इंग्रज सरकारनं १९१९ साली एक चांदीचं पदक काढलं. शौर्यासाठी नव्हे बरं का. शौर्याची पदकं निराळी. हे पदक त्या काळात तिथं असल्याचं, म्हणजे एका अख्ख्या पिढीच्या हजेरीचं पदक. साम्राज्यभरात मिळून अशी साठ लाखांहून जास्त चांदीची पदकं निघाली. त्यांतली कितीतरी हिंदुस्थानातल्या खेड्यापाड्यांत आली. टपालानं आली, पेटीत गेली, लुगड्याच्या घडीखाली राहिली, आणि मग एखाद्या वाईट वर्षी सराफाच्या काट्यावर चढली.

तीन मुद्दे मांडणार आहे. पहिला चांदीचा, दुसरा मोजदादीचा, तिसरा काठाचा. आणि शेवटी एक काम सांगणार आहे. काम ऐकल्याशिवाय उठू नका, एवढीच विनंती.

पहिला मुद्दा, चांदीचा.

हे पदक हातात घेतलं तर कसं दिसतं? जुन्या चांदीच्या रुपयापेक्षा जरा मोठं, छत्तीस मिलिमीटर व्यासाचं. वजन औंसाच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबानं अडीच तोळ्यांहून थोडं जास्त. एका बाजूला पाचव्या जॉर्जचं डोकं, मुकुट नसलेलं. भोवती लॅटिन अक्षरं: सगळ्या ब्रिटनांचा राजा आणि हिंदुस्थानचा सम्राट. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक उघडा पुरुष. घोड्याच्या टापेखाली प्रशियाच्या गरुडाची ढाल, खाली कवटी आणि हाडं, वर उगवता सूर्य. विल्यम मॅकमिलन नावाच्या शिल्पकारानं हे चित्र काढलं. आपल्याकडच्या एखाद्या आजीनं ते पाहिलं असेल तेव्हा तिला हा कुठला देव वाटला असेल, कल्पना करा! घोड्यावरचा देव म्हटला की आपल्याला खंडोबाच आठवणार. घरच्या देव्हाऱ्यात अशी पदकं पुजली गेली असतील तर मला नवल वाटणार नाही.

आता गंमत बघा. ही चांदी आली कोणत्या काळात? युद्ध सुरू असताना हिंदुस्थान सरकारकडे रुपये पाडायला चांदी पुरेना. सैन्याला पगार रुपयात, धान्याची खरेदी रुपयात, जनावरांची खरेदी रुपयात. शेतकऱ्याच्या हातात गेलेला रुपया काही परत येईना, तो मडक्यात जाऊन बसायचा. मग काय केलं? ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारनं एक रुपयाची कागदी नोट काढली. पाठोपाठ १९१८ च्या सुरुवातीला अडीच रुपयांची नोट आली. होय, अडीच रुपयांची! आणि तरीही भागेना, तेव्हा त्याच वर्षी अमेरिकेनं कायदा करून आपल्या तिजोरीतली वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी मोकळी केली.

म्हणजे ज्या सरकारनं रयतेच्या हातात रुपयाऐवजी कागद ठेवला, त्याच सरकारनं दोन वर्षांनी शिपायाच्या छातीवर अडीच रुपयांची चांदी लावली. आता याला औदार्य म्हणायचं की हिशेब? तुम्ही व्यापारी गावचे लोक आहात, उत्तर तुम्हीच द्या.

आणि युद्ध नि चांदी यांचं नातं या गावाला कुणी शिकवायला नको. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. कापूस गेला, बदल्यात चांदी आली. पुढं १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा आला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो इथं येऊन गेले. त्या यादवीत हजारो कोसांवर माणसं एकमेकांना मारत होती आणि इथल्या पेठेत पैसा खेळत होता. यात खामगावचा दोष नाही. पण युद्ध एकीकडे माणूस नेतं आणि दुसरीकडे चांदी आणतं, हा व्यवहार या मातीनं जवळून पाहिलेला आहे.

दुसरा मुद्दा, मोजदादीचा. कुणाला काय मिळालं?

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे चौदा लाख माणसं भरती झाली. त्यांतली साडेपाच लाखांवर बिनलढाऊ होती: मजूर, भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी, डोलीवाले. सुमारे चौऱ्याहत्तर हजार माणसं परत आली नाहीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत नावाच्या गावाला तुर्कांनी वेढा घातला. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. आत अडकलेल्या फौजेत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३वी, ११०वी आणि ११७वी. घोडी आणि खेचरं कापून खायची पाळी आली. २९ एप्रिलला शरणागती झाली, आणि त्यानंतर वाळवंटातून चालवत नेलेले कैदी हजारोंनी मेले.

या सगळ्यांना सारखंच पदक मिळालं का? नाही. चांदीचं पदक शिपायाला. चिनी, माल्टी आणि हिंदी मजूर पलटणींतल्या माणसांसाठी तेच पदक कांस्याचं निघालं. तोच राजा, तोच घोडा, तीच कवटी, फक्त धातू हलका. अशी कांस्याची पदकं लाखभराच्या घरात निघाली. ज्यानं खंदक खणले, ज्यानं रूळ टाकले, ज्यानं प्रेतं उचलली, त्याची किंमत कांस्य! गोळी काय शिपाई आणि मजूर असा भेद करत होती? रोगराई करत होती? सरकारनं मात्र केला.

आणखी एक भेद सांगतो. महार समाजाची माणसं शिवकाळापासून गडकिल्ल्यांवर पहारा देत आली, कंपनीच्या पलटणींतही लढली. १८९० च्या दशकात इंग्रजांनी त्यांची भरती बंद केली. का? तर म्हणे ही जात लढाऊ नाही. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केला, आम्हाला पुन्हा सैन्यात घ्या. दाद लागली नाही. मग महायुद्धात माणूसबळ कमी पडलं आणि १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि १९२१ पर्यंत ती मोडूनही टाकली. गरज सरो, वैद्य मरो! पुढं दुसरं महायुद्ध आलं, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी आग्रह धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी उभी राहिली आपल्या विदर्भातच, कामठीला. ही रेजिमेंट मात्र टिकली, आजही आहे.

दुसऱ्या महायुद्धाचं पदक चांदीचं नव्हतं. पंचवीस लाख हिंदी माणसं त्या युद्धात होती, स्वखुशीनं भरती झालेलं जगातलं सगळ्यात मोठं सैन्य. त्यांना मिळालेलं युद्धपदक तांबं आणि निकेलच्या मिश्रणाचं. ब्रह्मदेशात लढलेल्यांना तारा मिळाला, तोही पिवळ्या मिश्रधातूचा. कारण चांदी होतीच कुठं? १९४० सालीच रुपयातली चांदी पंधरा आण्यांवरून आठ आण्यांवर आली होती. अमेरिकेनं हिंदुस्थानला बावीस कोटी साठ लाख औंस चांदी उसनी दिली होती, तीही परत करायच्या बोलीवर. १९४७ साली आपल्याकडे स्वातंत्र्य आलं आणि रुपया निव्वळ निकेलचा झाला. सरकारांची चांदी दोन युद्धांत संपली, असं म्हणायला हरकत नाही.

आणि ज्यांना कोणतंच पदक मिळालं नाही, त्यांचं काय? १९१८ च्या साथीत, आपण जिला इन्फ्लुएंझा म्हणतो तिच्यात, या देशात एक कोटीहून अधिक माणसं गेली. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या प्रांतांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता. नवरा तिकडे इराकात बसऱ्याला, बाई इथं तापानं फणफणलेली, लेकरू पदराशी, धान्याचे भाव कडाडलेले. ती पिढी युद्धाचीच नव्हती का? तिला कुठला राजा पदक देणार होता?

तुम्ही म्हणाल, काहून बाप्पा हे सगळं उकरून काढता? पदक इंग्रजांचं, लढाई इंग्रजांची, आपल्याला काय त्याचं? रास्त प्रश्न आहे. त्याच्यासाठीच तिसरा मुद्दा.

तिसरा मुद्दा, काठाचा.

पदक उभं धरा आणि कडेनं फिरवा. रुपयाला दाते असतात, इथं दाते नाहीत, कड गुळगुळीत आहे. आणि तिच्यावर ठोकलेली बारीक इंग्रजी अक्षरं आहेत. आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, मग पलटण. नाव बहुधा इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. स्पेलिंग चमत्कारिक, आडनाव कधी गायब, कधी बापाच्या नावाची सरमिसळ. पण नाव आहे. त्या माणसाचं स्वतःचं.

यात विशेष काय? विशेष असं, की बाकी कुठं बघाल तर आकडे आहेत. कोकणात, साताऱ्याकडे कितीतरी गावांत इंग्रजांनी बसवलेली दगडी पाटी दिसते. तिच्यावरचा मजकूर ठरलेला: या गावातून महायुद्धाला इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. इतकी आणि इतक्यांनी! नावं नाहीत. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे हे गाव फौजी गाव म्हणून महाराष्ट्राला माहीत आहे. पहिल्या युद्धात तिथले सेहेचाळीस जण गेले, हा आकडा अभिमानानं सांगितला जातो. सेहेचाळीस हा आकडा आपल्याला पाठ झाला. त्यांतली दोन नावं तरी सभागृहात कुणाला सांगता येतील?

बसऱ्याला पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं मोठं स्मारक आहे, चाळीस हजारांवर माणसांचं. तिथं इंग्रजांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. आणि हिंदी शिपायांचं काय केलं? पलटणीचं नाव आणि पुढं आकडा. कुतला उपाशी राहिलेला आपला माणूस दगडावर एक आकडा होऊन बसला. २०२१ साली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानंच स्वतःच्या चौकशीत हे मान्य केलं. आशिया-आफ्रिकेतल्या किमान एक लाख सोळा हजार आणि कदाचित साडेतीन लाख मृतांची नावानं नोंद झाली नाही किंवा मुळीच नोंद झाली नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली.

आपल्या दिल्लीतलं इंडिया गेट घ्या. १९३१ साली त्याचं उद्घाटन झालं. स्मरण सत्तर हजारांहून अधिक माणसांचं, आणि नावं कोरली ती तेरा हजारांच्या आसपास. बाकीचे?

श्रोतेहो, आता माझं म्हणणं लक्षात येईल. दगडानं या पिढीला मोजलं. नाव घेतलं ते घरी आलेल्या धातूनं. जो मेला त्याच्या घरी कांस्याची एक मोठी चकती गेली, तिच्यावर हुद्दा न लिहिता नुसतं नाव होतं. जो जगला आणि जो मेला, दोघांच्याही घरी पदक गेलं, आणि त्याच्या काठावर नाव होतं. सरकारनं भेदभाव केला, हिशेब केला, मजुराला हलका धातू दिला, सगळं खरं. पण त्या मजुराच्या कांस्याच्या काठावरही नाव ठोकलं. एखाद्या शिपायाचं नाव धातूवर किंवा दगडावर जगात कुठं उरलं असेल, तर ते बहुधा त्या चार बोटांच्या काठावर.

आणि आपण काय केलं? वितळवलं.

रागावू नका. सगळ्या जगानं हेच केलं. अमेरिकेतल्या हंट बंधूंनी चांदीचा साठा करून भाव पेटवला. १९७९ च्या सुरुवातीला औंसाला सहा डॉलरच्या आसपास असलेली चांदी जानेवारी १९८० मध्ये पन्नासच्या घरात गेली. त्या सुमारास खुद्द इंग्लंडमध्ये, ज्यांच्या आज्यांनी ही पदकं उराशी धरली होती त्यांच्या नातवंडांनी, ढिगानं मुशीत घातली. मग दुष्काळात पोराची फी भरायला पदक विकणाऱ्या आपल्या माणसाला नावं ठेवायची मला लाज वाटते. त्यानं विकलं ते बरोबर केलं. पोट आधी. सराफानं घेतलं तेही बरोबर. मोडीचा माल काट्यावर चढतो, काटा वजन सांगतो, टंच शुद्धता सांगतो. दोन्हींतून एकही माणूस बाहेर पडत नाही. चांदी कुठं जात नाही हो, ती पैंजणात येते, समईत येते, लगडीत येते. जातं ते फक्त काठावरचं नाव. आणि ते वाचायला किती वेळ लागला असता? अर्धा मिनिट!

स्वतंत्र भारतानं या बाबतीत काय केलं, तेही थोडक्यात सांगायला हवं. १९५० साली आपण आपली शौर्यपदकं जाहीर केली. त्यांची रेखाटनं केली सावित्रीबाई खानोलकरांनी. मूळच्या स्वित्झर्लंडच्या, लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न करून इथल्याच झाल्या, मराठी शिकल्या, संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली. दधीची ऋषींनी वज्रासाठी आपली हाडं दिली, ती कथा त्यांनी परमवीर चक्रात आणली. आणि खामगावकरांनो, धातू बघा. महावीर चक्र चांदीचं, वीरचक्र चांदीचं, आणि सगळ्यात वरचं परमवीर चक्र? कांस्याचं! इंग्रजांनी मजुराला दिलेला धातू आपण सर्वोच्च शौर्याला लावला. इंग्रजांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचाही धातू तोच, हे मान्य. तरी धातूची उतरंड इथं उलटी झाली, याचा मला आनंद आहे. आणि १९७२ साली स्वातंत्र्याच्या पंचविशीला स्वातंत्र्यसैनिकांना दिलं ते तांब्याचं, ताम्रपट. तो कुणी मोडीत घालत नाही. एक तर भाव येत नाही, आणि दुसरं म्हणजे त्याच्यावर नाव मोठ्या अक्षरात, समोरच असतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, जिजाऊंचं माहेर ज्या जिल्ह्यात आहे, त्याला शौर्य शिकवण्याची गरज नाही. अलीकडची गोष्ट, १४ फेब्रुवारी २०१९. पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे चाळीस जवान गेले. त्यांत दोघे आपल्या जिल्ह्याचे: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. बघा, ही नावं मी घेतली आणि सभागृहात चटकन ओळख पटली. कारण आपण ती नावं ऐकली, लिहिली, फलकांवर लावली. शंभर वर्षांपूर्वी याच तालुक्यांतून कुणी गेलं असेल, तर त्याला हे भाग्य लाभलं नाही. वऱ्हाडात पंजाबसारखी धडाक्यानं भरती झाली नाही, हे खरं. म्हणूनच जे गेले ते विखुरलेले गेले, एका गावातून एक, दुसऱ्यातून दोन. त्यांची दगडी पाटी लागायचीही शक्यता कमी. त्यांच्या नावाला कोण विचारणार?

पंजाबनं विचारलं. तिथल्या भरतीच्या जुन्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. त्यांत तीन लाखांवर शिपायांच्या नोंदी आहेत, आणि २०२१ पासून त्या लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या. आज लंडनमधला, लुधियान्यातला एखादा नातू आपल्या पणजोबाचं नाव त्यांत शोधतो. त्यांच्याकडे वह्या होत्या, आपल्याकडे काठ आहेत. जे उरले आहेत ते.

म्हणून हे काम. सांगितल्याप्रमाणे सांगतो आणि थांबतो.

त्याआधी थोडक्यात उजळणी करतो, कारण उद्या घरी विचारतील, काय ऐकलंत? चांदी सरकारची होती आणि हिशेबानं दिली होती. दगडांनी माणसं आकड्यांत मोजली. नाव उरलं ते पदकाच्या काठावर, आणि तेही आपण मुशीत घालतो आहोत. एवढंच.

काम तीन जणांसाठी आहे. पहिलं घरच्यांसाठी. पेटीत, देव्हाऱ्यात, आजीच्या बटव्यात कुठलंही जुनं पदक असेल, चांदीचं, कांस्याचं, निकेलचं, पहिल्या युद्धाचं, दुसऱ्या युद्धाचं, ६५ चं, ७१ चं, ते बाहेर काढा. पॉलिश करू नका, घासू नका, अक्षरं झिजतात. कड उजेडात धरा, दिसेल तसं उतरवून घ्या, फोटो काढा. विकायचंच असेल तर खुशाल विका.

दुसरं शाळांसाठी. नववी-दहावीच्या पोरांना प्रकल्प द्यायचेच असतात, ते इंटरनेटवरून उतरवून आणतात, मास्तर सही करतात. त्याऐवजी एका पोरानं एक घर धरावं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, गाव. आणि सहावा रकाना: तो गेला तेव्हा घर कुणी चालवलं? तिथं त्या बाईचं नाव लिहा. तिच्यासाठी कुणी काठ ठेवला नव्हता, आपण रकाना ठेवू.

तिसरं काम सराफ मंडळींसाठी, आणि ते सगळ्यात सोपं आहे. मोडीचा माल रोज येतो. त्यात पदक आलं तर मुशीत टाकण्याआधी काठ वाचा आणि काट्याशेजारच्या वहीत एक ओळ लिहून ठेवा. भावात एक पैसा फरक पडणार नाही. वर्षअखेरीला सगळ्या दुकानांतल्या त्या ओळी एकत्र करून नगर वाचनालयात द्या. आज इथं बसलेल्यांपैकी पाच दुकानांनी जरी होकार दिला, तरी पुढच्या वर्षी या व्यासपीठावर व्याख्याता बोलावू नका. ती वहीच वाचून दाखवा. माझ्यापेक्षा ती ऐकण्यासारखी असेल. वहीचा खर्च तेवढा मी देत नाही. चांदीच्या गावाला तो परवडेल.